आजार मान्य कर, म्हणजे नक्की काय मान्य कर?

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान झालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवायचा. त्याआधीची दीड-दोन वर्षं घरात काय चाललं होतं ते फार सांगत नाही. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना ते सांगायची गरज नाही. आसपास कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे, समोरच्या बिल्डिंगमधले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायचं, आणि आम्ही त्याला घेऊन एका देवऋषीकडून दुसऱ्याकडे हिंडत होतो. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या, पण दादा त्या घेईना. मला काही झालंच नाही तर गोळ्या कशाच्या, असं त्याचं म्हणणं.

मग आम्हा सगळ्यांचा एकच धोशा सुरू झाला: आजार मान्य कर. आई रडून सांगायची, मामा दटावून सांगायचे, मी कुठून कुठून लेख शोधून वाचून दाखवायचे. सात-आठ महिने हे चाललं. एका संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर तो म्हणाला, "बरं. मान्य. मी येडा आहे."

आम्हाला इतकं हायसं वाटलं की त्यातलं शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

त्यानंतर त्यानं एक गोळी चुकवली नाही. आवाज कमी झाले, संशय ओसरला, झोप लागू लागली. आणि त्याच महिन्यांत त्यानं दाढी करणं सोडलं, मित्रांचे फोन घेणं सोडलं. दाराची बेल वाजली की तो उठून आतल्या खोलीत जायचा. कंपनीतून सुपरवायझरचा निरोप आला होता, ये म्हणून. तो गेला नाही. "आता अगदी शांत झालाय," असं आम्ही नातेवाइकांना कौतुकानं सांगायचो. त्यानं स्वतःला मोडीत काढलं होतं, हे कळायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षं लागली.

त्याच्यात जे घडलं त्याला अभ्यासक आत्मकलंक म्हणतात. समाज एखाद्या आजाराबद्दल जे वाईट बोलतो ते आजारी माणसानं स्वतःविषयी खरं मानणं, एवढाच त्याचा अर्थ. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य अशा मोठ्या मानसिक आजारांत ही गोष्ट खूप जणांना होते. युरोपातल्या १४ देशांत स्किझोफ्रेनिया आणि तशा प्रकारचे आजार असलेल्या १,२२९ लोकांचं एक सर्वेक्षण झालं, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ४१.७ टक्के लोकांमध्ये हा आत्मकलंक मध्यम ते जास्त प्रमाणात आढळला. म्हणजे दहा जणांत चार जण दोन ओझी वाहत होते, एक आजाराचं आणि दुसरं आजाराच्या नावाचं.

बाहेरचं बोलणं आत कसं उतरतं

आजार होण्याच्या फार आधीपासून ही शिकवण सुरू होते. "येड्यासारखं काय करतोस?" हे आपण बोलायला लागल्यापासून ऐकतो. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यातल्या येरवडा आणि ठाण्याची नावं तर टोमणे म्हणूनच वापरली जातात. नाशिकमध्ये असं रुग्णालय नाही, तरी आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत "याला ठाण्याला भरती करा रे" हे रोज कुणीतरी कुणालातरी म्हणायचं. मीही म्हटलंय. दादानंही म्हटलं असणार.

ब्रूस लिंक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट मांडली. वेडं असणं म्हणजे काय, अशा माणसाशी लोक कसे वागतात, हे सगळं आपण लहानपणी शिकून ठेवतो. तेव्हा ते दुसऱ्या कुणाबद्दल असतं, म्हणून बोचत नाही. ज्या दिवशी डॉक्टर फाइलवर निदान लिहितात, त्या दिवशी ती सगळी शिदोरी आपल्याच नावावर जमा होते. कुणी एक शब्द वाईट बोलायची गरजही उरत नाही.

पुढचा प्रवास पॅट्रिक कॉरिगन या मानसशास्त्रज्ञांनी चार पायऱ्यांत सांगितला आहे. मला ही मांडणी फार उपयोगी वाटली, म्हणून जरा थांबून सांगते. "अशी माणसं काही कामाची नसतात" हे एकच वाक्य घेऊ. पहिली पायरी म्हणजे लोक असं म्हणतात हे माहीत असणं. ते प्रत्येकालाच माहीत असतं. दुसरी पायरी ते पटणं: लोक म्हणतात ते बरोबरच आहे. तिसरी, ते स्वतःला लावून घेणं: मलाही तोच आजार आहे, म्हणजे मीही काही कामाचा नाही. आणि चौथी, त्याची झळ बसणं: स्वतःबद्दलचा आदर आटतो, आशा जाते, आणि माणूस करून पाहणंच थांबवतो. या शेवटच्या अवस्थेला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे नाव दिलं, त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: "कशाला उगाच?" मुलाखतीला कशाला उगाच जायचं? डॉक्टरांना कशाला उगाच सांगायचं? दादाच्या तोंडून हे दोन शब्द मी हजारदा ऐकले असतील.

या चार पायऱ्यांतली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक पायरीवर काही माणसं थांबतात. लोक काय म्हणतात हे माहीत असूनही ते अजिबात न पटणारी माणसं असतात. काहींना तर उलट संताप येतो, आणि त्या संतापातून ती इतरांसाठी उभी राहतात. म्हणजे कलंक माहीत असणं आणि कलंक लागणं यांच्या मध्ये एक जागा आहे. मदत करायची ती त्या जागेवर.

नाशिकला राहून ही गोष्ट वाचताना मला पंचवटी आठवल्याशिवाय राहिली नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. जात आणि आजार या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची बरोबरी मला करायची नाही. पण समाज आपल्याला काय समजतो हे पुरतं ठाऊक असूनही त्याला मनातून संमती नाकारता येते, याचा दाखला शोधायला आपल्याला गावाबाहेर जावं लागत नाही.

आजाराचं लक्षण कुठलं आणि कलंक कुठला

घरच्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच, आणि कधीकधी डॉक्टरांनाही. स्किझोफ्रेनियात उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, भावना चेहऱ्यावर न दिसणं ही आजाराचीच लक्षणं असू शकतात. काही गोळ्यांनी सुस्ती येते. जोडीला नैराश्य असू शकतं. या सगळ्यात आत्मकलंक मिसळला की वरून दिसायला एकच दिसतं: माणूस कोपऱ्यात बसलाय.

आम्हाला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी एक साधी गोष्ट बघायला सांगितली. घरात एकटा असताना तो काय करतो, आणि चार माणसं आली की काय करतो? आम्ही पंधरा दिवस लक्ष ठेवलं. एकटा असताना दादा झाडांना पाणी घालत होता, आईचा बिघडलेला मिक्सर उघडून त्यानं दुरुस्त केला, क्रिकेटची मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत पाहिली. बेल वाजली की मात्र आत. उत्साह नव्हता असं नव्हतं, तो लोकांसमोर आणायची लाज होती. ही काही पक्की परीक्षा नव्हे, दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात आणि निवाडा तज्ज्ञांनीच करायचा. पण आमचे डोळे त्या पंधरा दिवसांत उघडले.

मोजायचीही एक पद्धत आहे. जेनिफर बॉइड रिचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २९ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपण इतरांपासून तुटलो आहोत असं वाटणं, लोकांचे शिक्के खरे वाटणं, भेदभावाचे अनुभव, माणसांत जाणं टाळणं, आणि पाचवा भाग कलंकाला तोंड देण्याच्या बळाचा. हा पाचवा भाग मला फार आवडतो. काय मोडलंय याच्याबरोबर काय शाबूत आहे हेही तिथे विचारलं जातं. तपासणीच्या घाईत आपल्याकडे हे सहसा कुणी विचारत नाही.

मान्य करण्यातली मेख

आता मूळ गाठीकडे येते. पॉल लायसेकर, डेव्हिड रो आणि फिलिप यानोस या तिघांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियासारखे आजार असलेल्या ज्यांनी आपला आजार ओळखला होता, त्यांच्यात दोन तऱ्हा दिसल्या. काहींनी आजार ओळखला होता, पण आजाराबद्दलचे लोकांचे शिक्के नाकारले होते. काहींनी आजारही स्वीकारला होता आणि शिक्केही. या दुसऱ्या लोकांमध्ये आशा आणि आत्मसन्मान सगळ्यात कमी आढळला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. "मान्य कर, मान्य कर" म्हणून आम्ही ज्याच्या मागे लागलो होतो, त्याच्या मनात त्या आजाराचा अर्थ काय आहे हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. आमच्यासाठी मान्य करणं म्हणजे गोळ्या घेणं. त्याच्यासाठी मान्य करणं म्हणजे "मी येडा आहे". आणि येडा या शब्दात जे जे येतं, ते सगळं त्यानं सहीनिशी स्वीकारलं होतं.

म्हणून माझं आज ठाम मत आहे: आजार मान्य करायला लावण्याआधी, निदान त्याच्याबरोबरीनं, त्या नावाचा अर्थ बदलावा लागतो. आधी शब्द धुवायचा, मग तो माणसाच्या हातात द्यायचा.

शब्द धुवायचा म्हणजे त्यात चिकटलेल्या खोट्या गोष्टी एकेक करून सोडवायच्या. "अशी माणसं मारायला धावतात." हा आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीही हिंसा करत नाहीत, आणि स्वतः मार खाण्याची, लुबाडलं जाण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त असते. "हे घराण्यातून येतं, आता सगळ्यांना होणार." आनुवंशिकतेचा वाटा आहे हे खरं. पण सख्ख्या भावाला किंवा बहिणीला स्किझोफ्रेनिया असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मानली जाते. म्हणजे शंभरातल्या नव्वदेक भावंडांना तो होत नाही. माझ्या सोयरिकीच्या वेळी हा आकडा मला ठाऊक असता तर मी तो ताठ मानेनं सांगितला असता. "हा आळशीपणा आहे." याला मी उत्तर देत नाही.

"यातून कुणी बरं होत नाही" हे मात्र सगळ्यात खोल रुतलेलं असतं, त्यामुळे त्याला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं राहिलेल्या, ज्यांची आशा सोडली होती अशा रुग्णांना १९५० च्या दशकात पुनर्वसनाच्या कार्यक्रमात घेऊन घरी पाठवलं गेलं. कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीन दशकांनी त्यांचा माग काढला. १९८७ मध्ये निष्कर्ष आले: निम्म्यापासून दोन तृतीयांशांपर्यंत लोक बरे झाले होते किंवा त्यांच्यात मोठी सुधारणा होती. ते लोक काही हलक्या आजाराचे नव्हते, म्हणून हा आकडा मोलाचा.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. धीर द्यायला लोक जॉन नॅश यांचं उदाहरण देतात, स्किझोफ्रेनिया असूनही १९९४ मध्ये नोबेल मिळालं म्हणून. मीही दिलं. दादा म्हणाला, "मी गणितज्ञ नाही." बरोबर होतं त्याचं. फार मोठ्या माणसाचं उदाहरण दिलं की ऐकणाऱ्याला आपण आणखी लहान वाटतो. त्याला धीर आला तो सातपूरच्या एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या, त्याच गोळ्या घेणाऱ्या एका माणसाशी डॉक्टरांच्या बाकावर बसून अर्धा तास बोलल्यावर.

मदत म्हणजे नक्की काय करतात

यासाठी मुद्दाम तयार केलेले काही उपचार आहेत. लायसेकर, रो आणि यानोस या वर आलेल्या तिघांनीच एक पद्धत बसवली. ती गटात चालते, आठवड्याला एक अशा साधारण वीस बैठका. आधी प्रत्येक जण आपल्या आजाराबद्दल स्वतःच्या शब्दांत सांगतो. मग आजाराविषयी खरं काय आणि खोटं काय, हे पाहिलं जातं. मग स्वतःबद्दलचे विचार तपासायला शिकवतात. आणि शेवटी स्वतःची गोष्ट लिहून किंवा सांगून इतरांना ऐकवायची. सगळ्या चाचण्यांमध्ये याचा सारखाच फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यातले तुकडे कुठल्याही चांगल्या समुपदेशकाबरोबर वापरता येतात. आम्ही तेच केलं.

विचार तपासणं म्हणजे "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणं नव्हे. दादाचा एक ठाम विचार होता: माझ्या गोळ्यांबद्दल कळलं की लोक माझ्याजवळ बसणार नाहीत. सायकॉलॉजिस्टनी तो खोडून काढला नाही. हे खरं की खोटं हे कसं कळेल, एवढंच विचारलं. आधी कागदावर अंदाज लिहायचा, मग छोटासा प्रयोग करायचा, मग काय झालं ते शेजारी लिहायचं. पहिला प्रयोग होता सिटीलिंकच्या बसनं एकट्यानं नाशिकरोडला जाऊन यायचा. अंदाज: "सगळे बघतील." झालं काय: "एक जण बघत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला होता."

गोष्ट सांगण्याच्या भागाला मात्र वेळ लागला. दादाची स्वतःबद्दलची गोष्ट तीन वाक्यांची होती. मी चांगला ऑपरेटर होतो. मग मला हे झालं. मग संपलं. अशी गोष्ट आपण मनात रोज ऐकत असू तर माणूस उठणार तरी कशासाठी? सायकॉलॉजिस्ट फक्त मधली जागा विचारत राहिल्या. आवाज येत असतानाही कामावर किती दिवस गेलास? चार महिने. ते कसं जमवलंस? मशीनच्या आवाजाकडे लक्ष द्यायचो. मग घरच्यांना कधी सांगितलंस? नाही सांगितलं, आईला त्रास नको म्हणून. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही ज्या काळाला "दादा बिघडला तो काळ" म्हणत होतो, त्या काळात तो एकट्यानं झुंजत होता.

तिसरा भाग आपल्या आजाराविषयी इतरांना सांगण्याचा: कुणाला, किती, कधी. याविषयीही कॉरिगन यांचा तीन बैठकांचा एक कार्यक्रम आहे, आणि तो आजारातून गेलेली माणसंच चालवतात. सगळ्यांना सगळं सांगून टाका असं त्यात म्हणत नाहीत. न सांगणं हाही पर्याय आहे, एखाद्यालाच सांगणं हाही. फायदे-तोटे माणसानं स्वतः मांडायचे. दादानं एक छोटं वाक्य ठरवलं आणि ते आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ते एका जुन्या मित्राला सांगितलं. त्या मित्राचे फोन हळूहळू बंद झाले. तेव्हा आठ दिवस घरात वाईट गेले. प्रत्येक वेळी चांगलंच होतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्यांदा ते वाक्य दिंडोरीला वापरलं गेलं. दिवाळीनंतर मामांच्या द्राक्षबागेत डिपिंगला माणसं कमी पडत होती. ऑक्टोबर छाटणीनंतर लागलेले कोवळे घड एकेक करून द्रावणात बुडवायचे, कंटाळवाणं पण हात बसावा लागणारं काम. दादा गेला. दुपारी जेवायला बसल्यावर त्यानं खिशातून गोळी काढली, तर टोळीतल्या एका मावशींनी विचारलं, "कसली रे?" तो म्हणाला, "डोक्याच्या आजाराची. रोजची आहे. आता बरंय." त्या म्हणाल्या, "मग उपाशीपोटी नको घेऊस," आणि अर्धी भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्या रात्री त्यानं मला फोन करून हे सांगितलं. कागदावर अंदाजाच्या रकान्यात "उठून जातील" लिहिलं होतं. शेजारच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "भाकरी."

घरच्यांनी काय करायचं

आम्ही गोळ्यांची पाकिटं पोहे ठेवायच्या डब्यामागे लपवायचो. पाहुणे येणार म्हटलं की आई म्हणायची, "ती फाइल आत ठेव." दादा काही विचारायचा नाही, पण बघत असायचा. लपवण्याची वस्तू असेल तर ती लाजेचीच असणार, हे समजायला शब्द लागत नाहीत. आम्ही बाहेरच्या कुणापेक्षाही जास्त ठामपणे त्याला शिकवत होतो की तुझ्यात काहीतरी झाकण्यासारखं आहे. आज गोळ्या टीव्हीशेजारी असतात, आईच्या बीपीच्या गोळ्यांजवळ.

दुसरी चूक मायेपोटी होते. "राहू दे, तुला जमणार नाही." गॅस सिलिंडर लावायचा, बँकेत जायचं, भाचीला शाळेतून आणायचं, सगळं त्याच्या हातातून काढून घेतलं. काळजी म्हणूनच केलं, पण त्याला ऐकू आलं ते "तू कामाचा नाहीस". बरं चाललेलं असताना कामं परत द्यावी लागतात, आणि ती कधीकधी बिघडली तरी पुन्हा द्यावी लागतात. भांडायचंही असतं. आजारी आहे म्हणून त्याच्याशी भांडायचंच बंद केलं, तर तो घरातला माणूस राहत नाही.

लग्न लावलं की ठीक होईल, हे आमच्याकडेही चार जणांनी सुचवलं. लपवून लग्न लावणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, आणि कलंकाला घरात कायमची खोली बांधून देणं आहे. एवढंच.

घरच्यांनाही हा कलंक लागतो. आईनं तीन वर्षं भिशी सोडली होती. मराठीत आधारगट चालवणाऱ्यांनी दोन सुंदर शब्द रुळवले आहेत: आजार असलेल्यासाठी शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यासाठी शुभंकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते जरा गोड-गोड वाटले. पण रुग्ण, पेशंट, मेंटल, केस यांतलं काहीही न म्हणता आपल्या माणसाविषयी बोलता येतं हे कळल्यावर आईचा आवाज मोकळा झाला, तो मी ऐकलाय.

एक इशारा. आतला कलंक काढणं ही आजारी माणसाचीच जबाबदारी, असं कुणी समजलं तर तो आणखी एक कलंक होईल. बाहेरचा भेदभाव खरा आहे, आणि त्याच्याशी लढायला कायदे आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. माणसाला साखळीनं बांधायला त्यानं बंदी घातली, उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि शारीरिक आजारांना मिळतो तसा विमा मानसिक आजारांनाही द्यावा असं सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. त्याचं प्रमाणपत्र काढावं की नाही यावर घरोघरी वाद होतात. आमच्याकडेही झाला. सरकारी नोकरीतल्या राखीव जागा, सवलती हे हक्काचं आहे, पण कार्ड खिशात बाळगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. दादानं काढलंय, वापरत नाही.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. तिथल्या मनोविकार विभागात डॉक्टरांना सरळ विचारा: लक्षणं कमी झाली, पण माणूस स्वतःला कमी समजतोय, त्यासाठी कुणाशी बोलता येईल? घरून बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची फोनवरची मदतसेवा आहे, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलतात. आणि आपलं माणूस "जगून काय करू" असं म्हणालं, तर ते आळसातलं किंवा रागातलं बोलणं समजू नका. आशा आटलेल्या माणसाचं ते खरं बोलणं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तोवर त्याला एकटं सोडू नका.

हा लेख मी आधी दादाला वाचून दाखवला. त्याच्याबद्दल आहे, तर त्याला विचारूनच जाणार. कंपनीचं नाव आलं होतं ते त्यानं काढायला लावलं. आवाज काय बोलायचे, याचा एक परिच्छेद होता, तोही काढ म्हणाला, काढला. गच्चीवरच्या त्या वाक्यावर मी स्वतःच अडखळले आणि म्हटलं, हे पण काढू का? तो म्हणाला, "राहू दे. तेव्हा म्हणालो होतो तसं."